पाकिटातला उपाध्यक्ष

बहारीनला मी नऊ वर्षं राहिले. त्या नऊ वर्षांत, ‘तुम्ही ख्रिश्चन असून मराठी किती छान बोलता हो!’ हे वाक्य मला किती जणींनी ऐकवलं त्याची गणती नाही. सुरुवातीला मी हसून आभार मानायचे. पुढे पुढे चिडायला लागले आणि म्हणायला लागले, ‘तुम्हीही छान बोलता.’ समोरची बाई गोंधळायची, माझा नवरा मला कोपराने ढोसायचा आणि घरी येताना म्हणायचा, ‘तुझ्या जिभेला काही हाड?’ वसईतलं आमचं घराणं चर्चच्या वहीत जिथून सापडतं तिथपासून मराठीच बोलत आलंय, हे कोणाकोणाला सांगत बसणार!

हे आधीच सांगते आहे, कारण पुढे मी जे केलं ते न कळत केलं असं कोणाला वाटू नये. मला सगळं कळत होतं. ते वाक्य कुठे टोचतं आणि किती टोचतं, हे माझ्याइतकं तिथल्या मराठी मंडळात फक्त आणखी एका माणसाला ठाऊक होतं.

तो माणूस म्हणजे भाई. रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान. मनामा शहरातल्या हूरा वस्तीत आमच्याच गल्लीत, दोन इमारती सोडून राहायचे. एका व्यापाऱ्याकडे ते क्लिअरिंगचे क्लार्क होते. विमानतळावर नाहीतर बंदरात आलेला माल कस्टम्समधून सोडवून आणायचा, हे त्यांचं काम. पन्नाशीला आलेले, किडकिडीत, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. हूऱ्यातल्या निम्म्या कोकणी पोरांची घरची पत्रं तेच लिहून द्यायचे आणि व्हिसाचे फॉर्मही तेच भरायचे. मंडळाच्या एका कार्यक्रमात एका गृहस्थांनी त्यांच्याशी हिंदीत बोलायला सुरुवात केली. भाई मराठीत उत्तरं देत होते आणि गृहस्थ काही हिंदी सोडत नव्हते. शेवटी भाई माझ्याकडे वळून म्हणाले, ‘बाय, तू तरी सांग गो ह्यांना, मी मराठीच बोलतोय म्हणून.’ मी हसून हसून बेजार झाले. त्या दिवसापासून त्यांच्या घरून आमच्याकडे घावणे यायचे आणि आमच्या घरून त्यांच्याकडे नाताळचा फराळ जायचा.

मनाम्यातल्या आमच्या या मराठी मंडळाची दर दोन वर्षांनी निवडणूक व्हायची. मंडळाच्या घटनेत एक गंमत होती. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष वेगवेगळे उभे राहत नसत, जोडीने राहत. मत द्यायचं ते जोडीला. आणि घटनेत नसलेली, पण घटनेपेक्षा पक्की अशी एक प्रथा होती. गणपतीच्या पूजेला उपाध्यक्ष आणि त्यांची पत्नी बसायची, कारण अध्यक्षांना दारात उभं राहून वकिलातीच्या पाहुण्यांचं स्वागत करायचं असे. मूर्ती मुंबईहून विमानाने यायची, लाकडी खोक्यात भुसा भरून. ती कस्टम्समधून सोडवायचे भाई. पिकअपमध्ये ड्रायव्हरशेजारी ते खोकं मांडीवर घेऊन बसायचे, मागे ठेवू द्यायचे नाहीत. रस्त्यात धक्का बसून बोटबीट मोडलं तर काय घ्या! हॉलच्या दारात खोकं उतरवून, पावतीवर सही घेऊन ते घरी जायचे. हे वर्षानुवर्षं चाललं होतं.

हॉलमध्ये एक लाकडी पाटी होती. आजवरच्या पदाधिकाऱ्यांची नावं तिच्यावर पांढऱ्या रंगात रंगवलेली. तिच्यावर भाईंच्या लोकांपैकी एकही नाव नव्हतं आणि आमच्यापैकीही नव्हतं.

ऑफिसात मी एका अमेरिकन साहेबाची सेक्रेटरी होते. त्या वर्षी, म्हणजे सौदीकडे जाणाऱ्या पुलाचं काम चालू होतं तेव्हा, साहेबाच्या देशात अध्यक्षाची निवडणूक होती आणि त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. तिकडची वर्तमानपत्रं आमच्याकडे शिळी होऊन यायची. त्यातले लोकांच्या कौलाचे आकडे साहेब मला टाइप करायला लावायचा आणि टेबलाच्या काचेखाली ठेवलेल्या नकाशावर रंगीत पेन्सिलींनी एकेक राज्य रंगवायचा. कामाचा माणूस, पण त्या पेन्सिली हातात आल्या की अगदी शाळकरी व्हायचा. मला समोर बसवून समजवायचा. ही राज्यं काही केलं तरी आमची. ती राज्यं काही केलं तरी त्यांची. दोन्ही विसरून जा. या मधल्या पाच-सहा राज्यांचं मन अजून झुलतं आहे. सगळी निवडणूक काय ती तिथे आहे.

त्या वर्षी तिकडच्या एका पक्षाने उपाध्यक्षपदासाठी चक्क एक बाई उभी केली होती. साहेब त्या पक्षाचा नव्हता, तरी त्याला ती चाल आवडली होती. तो म्हणायचा, जोडीला दुसरा माणूस घ्यायचा तो पहिल्याकडे जे नाही ते आणण्यासाठी. आणतो त्यापेक्षा घालवतो जास्त असं दिसलं, तर लगेच उतरवायचा. बारा वर्षांपूर्वी त्याच्या देशात असं झालंही होतं. उमेदवाराने आधी सांगितलं, मी माझ्या जोडीदाराच्या पाठीशी ठाम उभा आहे. आणि थोड्याच दिवसांत त्याला उतरवून दुसरा घेतला. हे मी कान देऊन ऐकलं. त्या निवडणुकीचं पुढे काय झालं, हे विचारायचं मात्र मला सुचलं नाही.

आमच्या मंडळात आठ वर्षं एकच गृहस्थ अध्यक्ष होते. सनद नावाच्या वस्तीत एका कंपनीच्या क्वार्टर्स होत्या, तिथली सगळी मतं त्यांची. त्यांच्याविरुद्ध त्या वर्षी बँकेतले एक अधिकारी उभे राहिले. सगळे त्यांना काका म्हणत. काका उम्म अल हस्सममध्ये राहायचे आणि तिथल्या फ्लॅटमधली कुटुंबं त्यांना मानायची. मी साहेबाचा नकाशा डोक्यात घेऊनच वावरत होते. काकांकडे चहाला गेले असताना बोलून बसले, ‘सनद त्यांचं, उम्म अल हस्सम आपलं. झुलतोय तो हूरा. तुमच्या जोडीला हूऱ्यातला माणूस हवा.’

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांना परीक्षेचा पेपरच आधी आणून दिला. भाईंचं नाव मीच सुचवलं. भाईंना तयारही मीच केलं. ते सहज ऐकले नाहीत. ‘मी आपला खोका आणणारा माणूस,’ म्हणाले. तीन शुक्रवार, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, मी त्यांच्या मागे लागले. शेवटी म्हणाले, ‘बरा. पाटीवर आमच्यातला एक नाव लागला तर लागू दे. मग तरी आमच्या पोरांना कोण विचारणार नाय, मराठी येता काय म्हणून.’ त्यांना हवं होतं ते एवढंच होतं.

आता इथपर्यंत मी थांबले असते तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण साहेबाचं वारं अंगात शिरलेलं. मीही लोकांचा कौल घ्यायचा ठरवला. दुपारी साहेब जेवायला गेला की मंडळाच्या सभासदांची यादी समोर ठेवून मी त्याच्याच फोनवरून एकेका घरी फोन करायचे. उम्म अल हस्सममध्ये घराघरात फोन होता. हूऱ्यात एकेका खोलीत सहा-सहा जण राहायचे, त्यांच्याकडे कुठला फोन? हूऱ्याचा रंग मी अंदाजानेच भरला. स्वतः तिथेच राहत होते, चार जिने चढून विचारलं असतं तर पाय मोडले नसते.

पहिल्याच दिवशी एका बाईंनी आपण होऊन विचारलं, ‘पण मग पूजेला कोण बसणार?’ मी तिथे पिवळी खूण केली. पिवळी म्हणजे डळमळीत. दुसऱ्या बाई म्हणाल्या, ‘काकांना आमचं मत आहेच. भाईही चांगले की. मूर्ती तेच आणतात ना?’ इथे मी फोन खाली ठेवायला हवा होता. मी म्हणाले, ‘हो, पण काही जण विचारतायत, पूजेचं काय म्हणून.’ पलीकडून आवाज आला, ‘अगंबाई, खरंच की! ते लक्षातच नाही आलं.’ मी पिवळी खूण केली. त्यानंतर जेवढे फोन केले त्या प्रत्येकात मी हे वाक्य घातलं. आठवड्याभरात उम्म अल हस्सम सगळं पिवळं झालं, आणि ते मीच पिवळं केलं होतं.

का केलं? पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की मला कौल पारखून घ्यायचा होता. ते खोटं आहे. त्या अमेरिकन बाईचा फोटो वर्तमानपत्रात आला होता, हात उंच केलेला, हसरा. तो टेबलावर ठेवून मी ऑफिसच्या बाथरूममधल्या आरशासमोर जाऊन उभी राहिले होते आणि हात उंच करून पाहिला होता. फोन करायला लागले त्याच्या आदल्या दिवशीची ही गोष्ट. लिहितानाही कान तापतात.

रंगवलेली यादी घेऊन मी काकांकडे गेले. काकांनी चष्मा लावून ती दोनदा पाहिली आणि सुस्कारा सोडला. म्हणाले, ‘माझं वैयक्तिक म्हणाल तर मला काहीच अडचण नाही हो. पण लोकांचं मन मोडून कसं चालेल? बरं, हूऱ्यातलं दुसरं आहे कोण?’

काकू चहात साखर घालत होत्या. त्या म्हणाल्या, ‘अहो, ही काय समोर बसलीय! बाईमाणूस. सध्या अमेरिकेतसुद्धा हेच चाललंय म्हणे.’

मी म्हणायला हवं होतं, की मग माझ्या पूजेचं काय? मी तर रविवारी चर्चमध्ये मिसाला जाणारी बाई. जी अडचण भाईंची तीच माझी. मी म्हणाले, ‘छे, मला कसं जमेल?’ आपल्याला आग्रह व्हावा म्हणून जसं म्हणतात तसं. तो लगेच झालाही. माझ्याबद्दल कोणाला काय वाटतं हे विचारायला मी एकही फोन केला नाही, आणि दुसऱ्या कोणी तो केला नाही. म्हणून माझ्याबद्दल कोणालाच काही अडचण नव्हती.

निघताना काका म्हणाले, ‘भाईंना तुम्हीच सांगा. तुमचा त्यांच्याशी घरोबा आहे.’

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर मी भाईंकडे गेले. काय बोलायचं ते जिन्यात उभं राहून दोनदा मनात म्हणून पाहिलं होतं. दार उघडलं तर भाई दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. त्यांच्या बायकोने माझ्यासमोर घावणे आणि गूळ घातलेला नारळाचा रस ठेवला. मी तोंड उघडणार इतक्यात भाईंनी उशाखालून एक पाकीट काढलं. ‘फोटो न्यायला आलीस ना? काका बोलले होते, पत्रकाला लागेल. तीन कॉपी काढल्यायत.’

हूऱ्यातल्या स्टुडिओत काढलेला फोटो. भाईंनी त्यात टाय लावला होता. हॉटेलातल्या एका पोराकडून मागून आणलेला, गाठही त्यानेच घालून दिलेली. केस पाणी लावून चापून बसवलेले. मान जरा वर, आणि चेहऱ्यावर असं काही समाधान, की मी इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडावर ते पाहिलं नव्हतं. त्यांची बायको म्हणाली, ‘फोटोवाल्याला दोनदा परत काढायला लावलान.’ भाई लाजले.

मी घावणे खाल्ले, रस प्याले. पाकीट पर्समध्ये टाकलं. ‘देते प्रेसमध्ये,’ म्हणाले आणि जिना उतरून घरी आले. नवऱ्याने विचारलं, ‘सांगितलंस?’ मी म्हणाले, ‘हो.’

आठ दिवसांनी पत्रकं छापून आली. काकांचा फोटो आणि शेजारी माझा. भाईंना कळलं ते पत्रक हातात पडलं तेव्हा. संध्याकाळी गल्लीतल्या कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे तिकडच्या वाणसामानाच्या दुकानात, मी दूध घ्यायला गेले तर ते तिथे काउंटरपाशी उभे, हातात घडी केलेलं पत्रक. पळून जायला जागा नव्हती. मी काहीतरी पुटपुटले, काका, लोक, पूजा, असं तोडकंमोडकं. भाईंनी मला बोलू दिलं. मग पत्रक उघडून पाहिलं आणि म्हणाले, ‘तुझा फोटो चांगला आलाय.’ दुकानदाराला पैसे देऊन ते निघून गेले. त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर मी त्यांची जन्मभर ऋणी राहिले असते.

मतदानाच्या दिवशी मला वाटलं होतं, हूरा गेला. कोण कशाला येतंय आता! दहा वाजता हॉलच्या बाहेर टॅक्सी थांबल्या आणि भाई उतरले. त्यांच्या मागून पोरं, कोणी शिफ्ट बदलून आलेलं, कोणी रात्रपाळीवरून थेट आलेलं. भाईंनी त्यांना ओळीत उभं केलं, स्वतः शेवटी राहिले. मी टेबलाशी बसले होते. त्यांची पाळी आली तेव्हा मी हळूच म्हणाले, ‘भाई, तुम्ही कशाला...’ ते म्हणाले, ‘काकांसाठी पोरांकडे शब्द टाकलेला मी. तो मागे कसा घेऊ?’

आम्ही जिंकलो. जितक्या मतांनी जिंकलो त्याहून जास्त माणसं भाईंनी आणली होती. हे मोजायला मला साहेबाच्या पेन्सिली लागल्या नाहीत. सगळे म्हणाले, बाईला उभं करायची चाल कशी बरोबर बसली! काकांनी भाषणात माझं कौतुक केलं, आणि मी हात उंच केला. त्यानंतर थोड्याच दिवसांत साहेबाच्या देशातली निवडणूकही आटोपली. त्या गडबडीत मी त्याला विचारलं, बारा वर्षांपूर्वी जोडीदार बदलला होता त्या माणसाचं पुढे काय झालं? तो म्हणाला, ‘सपाटून हरला. एक राज्य आणि राजधानी सोडून सगळीकडे.’ मला त्या माणसाचा हेवा वाटला. त्याला निदान शिक्षा झाली.

पाटीवर माझं नाव रंगवलं गेलं. पुढच्या वर्षी गणपती आले. चार दिवस आधी काकूंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, ‘अगं, पूजेला आम्ही दोघं बसतो हं. तू आणि तुझे मिस्टर दारात उभे राहा पाहुण्यांसाठी. तुझं इंग्लिशही छान आहे.’ मी ‘बरं’ म्हणाले. एवढंच. लगेच त्या मोदकांच्या नारळांबद्दल बोलायला लागल्या. मंडळातल्या एकाही माणसाने त्यावर चकार शब्द काढला नाही. जो प्रश्न मी घराघरात पोचवला होता त्याचं उत्तर एवढंच होतं, आणि ते कोणीही, कधीही देऊ शकलं असतं. मी तर सगळ्यात आधी.

मूर्ती आणायला नेहमीप्रमाणे भाईच गेले. हॉलच्या दारात पिकअप थांबला. त्यांनी मांडीवरचं खोकं दोन पोरांच्या हातात दिलं, ते उतरले आणि कपाळावरचा घाम पुसत माझ्यासमोर पावती धरली. उपाध्यक्ष म्हणून सही आता माझी होती. मी सही केली. त्यांनी विचारलं, ‘पूजेला तू बसणार ना, बाय?’

मी म्हणाले, ‘नाही. काका-काकू बसतायत.’

भाईंनी नुसती मान हलवली. पावतीची घडी केली, खिशात ठेवली. जायला वळले आणि काहीतरी आठवल्यासारखे परत आले.

‘बाय, तो माझा फोटो असेल तर दे गो. पासपोर्ट रिन्यू करायचाय. परत काढायला नको.’

पाकीट तेव्हाही माझ्या पर्समध्येच होतं. वर्षभर मी ते बाहेर काढलं नव्हतं, कारण ठेवणार कुठे? ते दिलं असतं तर तीनही कॉप्या त्यात दिसल्या असत्या, आणि तो फोटो मी प्रेसमध्ये कधी दिलाच नव्हता, घेतला तेव्हाच मला सगळं ठाऊक होतं, हे त्यांना कळलं असतं. पर्स माझ्या खांद्याला होती. मी तिच्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘प्रेसमध्येच हरवला, भाई.’

‘असू दे,’ ते म्हणाले. पिकअपचं दार उघडून आत बसले, आणि काच खाली करून म्हणाले, ‘चांगला आलेला गो त्यात मी.’